जैसे थे

म्हापशात, कोर्टामागच्या गल्लीत,
झेरॉक्सवाल्याच्या पाठीला पाठ लावून माझं टेबल.
माफीचा मसुदा माझ्याकडे तयारच असतो:
दोन पानं, सात परिच्छेद,
नाव, बापाचं नाव, वय, गाव एवढं बदलायचं,
'बिनशर्त' ठळक करायचं.
बिल्डर येतात, सरपंच येतात,
माफी मागून, चहा पिऊन जातात.

बोस्त्यांव मार्तीर आला तेव्हा
त्याच्या नखांत अजून मानशीचा चिखल होता.
गाव हळदोणे. वय अडुसष्ट. धंदा?
तो थांबला.
"पाणी सोडतो. पाणी धरतो."
मी लिहिलं, मजूर.

हकिगत अशी, की खाजनावरून दोन पक्ष भांडत होते,
एकाला आत भात हवं, एकाला कोळंबी.
न्यायालय म्हणालं, जैसे थे.
बेलिफाने मानशीच्या फळ्या पाडून साखळी घातली,
कुलूप, त्यावर लाख,
आणि कणकेच्या खळीने नोटीस डकवली.
पहिल्याच भरतीला कुर्ल्यांनी खळ खाल्ली.
नोटीस मांडवीच्या दिशेने गेली.

मग श्रावणातली अवस.
आत डोंगराचं पाणी, बाहेर खाडीचं,
मध्ये चार बोटं माती आणि एक आदेश.
रात्री दोनला ओहोटी अर्ध्यावर आली,
आतलं पाणी जायला तयार,
दाराला कुलूप.
बोस्त्यांवने दगड घेतला.
तीन घाव. चौथ्याची गरज पडली नाही.
बांध राहिला, भात राहिलं,
कोळंबीवाल्याने सकाळी तुटक्या लाखेचे फोटो काढले.

पाचवा परिच्छेद मी वाचून दाखवला:
सदर कृत्याबद्दल मला मनापासून पश्चात्ताप होत आहे.
तो म्हणाला, "बाय, पश्चात्ताप मला ठाऊक आहे.
भावाच्या वाट्याचे सात माड मी खाल्ले, त्याचा होतो.
बायको तापाने फणफणत होती
आणि मी तियात्राला गेलो, त्याचा होतो.
पाहिजे तर हे घाल.
न्यायाधीश वाचेल ना?"

वकील केंकरे घड्याळ पाहत म्हणाले, काका, सही.
त्याने केली. हळू, दोरी वळावी तशी.

पर्वरीला मीही गेले. का, ते माहीत नाही.
माझे मसुदे शेवटी जातात कुठे,
वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

न्यायमूर्तींनी माफी वाचली, चष्मा काढला.
"पुन्हा असं करणार नाही ना?"
केंकऱ्यांनी त्याच्या वतीने मान हलवली.
बोस्त्यांव मात्र बोटांची पेरं मोजत होता.
षष्ठी, सप्तमी, अष्टमी...
"पुनव पुढच्या शनिवारी," तो म्हणाला.
"त्या रात्री किल्ली कोणाकडे असेल, साहेब?"

उद्धटपणा नव्हता त्यात.
खरंच विचारत होता.
लघुलेखकाचे हात हवेत थांबले,
हे नोंदीत घ्यायचं की नाही
कोणी सांगेना.

शिक्षा झाली: न्यायालय उठेपर्यंत बसून राहणे.
बसला. मागच्या बाकावर, टोपी मांडीवर ठेवून,
देवळाबाहेर दुसऱ्याची चपला राखत बसावं तसा.
आणखी माफ्या आल्या, मंजूर झाल्या,
त्यातल्या तीन माझ्याच,
दुरून ओळखल्या मी ठळक अक्षरांवरून.
खिडकीच्या कोपऱ्यात मांडवीचा एक तुकडा होता.
तो तेवढाच पाहत राहिला.

साडेचारला न्यायालय उठलं.
"चारलाच सुकती लागली," तो म्हणाला,
कोणाला असं नाही,
आणि हळदोण्याची बस कुठे थांबते ते विचारलं.

आदेशाची प्रत माझ्याच गल्लीत आली, झेरॉक्सला.
उभ्या उभ्या दोनदा वाचली.
अवमान आहे, माफी आहे, इशारा आहे.
किल्लीचं काही नाही.